टॅबर हाऊसमध्ये उत्तर देऊ नये

थांबा पहिला : बार

इथे मालक हात वर करतात आणि म्हणतात : "मंडळी, छताकडे पाहा. ही भोकं बंदुकीच्या गोळ्यांची आहेत. पत्त्याच्या एका डावात इथे तीन माणसं आडवी झाली. रक्त या फळ्यांत अजून मुरलेलं आहे."

मी मनात म्हणते : ती भोकं पंख्याची आहेत. आधीच्या मालकिणीने पंखा बसवायला तिच्या मेहुण्याला बोलावलं. मेहुणा पिऊन आला. तुळई सापडेपर्यंत त्याने छताची चाळण केली. पंखा अजून वाकडाच फिरतो. फळ्यांत जे मुरलंय ते बीटाचं लोणचं. बरणी माझ्याच हातून फुटली होती.

हे मी मनात म्हणायचे, कारण तोंडाने म्हणायचं नाही असं ठरलं होतं. माझं नाव मार्वा झुपान. बारमागे ग्लास पुसत उभी असायची ती मी. मालकांच्या भुताटकीच्या फिरतीवर आलेल्या पाहुण्यांना मी दिसायचे, पण मला वगळून बघण्याची सवय त्यांना लवकर लागायची. भुतं बघायला आलेल्या माणसाला जिवंत बाईचं काय कौतुक?

वायोमिंगच्या माळावर रेल्वेने आमचं टॅबर गाव वसवलं, कारण कोळशाच्या इंजिनाला इथे आल्यावर तहान लागायची. इंजिनाची तहान संपली, गावाची राहिली. स्टेशनसमोरचं टॅबर हाऊस गाडीवरच्या माणसांसाठी बांधलेलं. पश्चिमेकडून गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर, फायरमन, ब्रेकमन इथे उतरायचे, खाली पिऊन वर झोपायचे, आणि बोलावणं आलं की दुसरी गाडी घेऊन परत जायचे. माझे वडील त्यातलेच. या हॉटेलच्या पलंगांना कोळशाचा, कांद्याचा आणि ओल्या मोज्यांचा वास असायचा. आता लॅव्हेंडरचा येतो. लॅव्हेंडरच्या वासाने कुणी ब्रेकमन इथे टिकला असता असं मला वाटत नाही.

मालकांचं नाव ग्रेसन लॅथम. डेन्व्हरमध्ये ते पोहण्याच्या तलावांवर घालायची झाकणं विकायचे. एक दिवस त्यांना वारशाची ओढ लागली. त्यांनी टॅबर हाऊस विकत घेतलं, एक टोपी घेतली, आणि टोपी हॉटेलपेक्षा मोठी निघाली.

थांबा दुसरा : जिना

मालक आवाज खाली आणतात : "इथेच ती उभी राहते. रोझ डेलेनी. लग्नाच्या वेषात. तिचा नवरा इंजिन ड्रायव्हर होता. लग्नाच्याच दिवशी त्याच्या इंजिनाचा बॉयलर फुटला. ती वेडी झाली. या मजल्यावर दारोदार फिरून दारं ठोठावत राहिली : तो इथे आहे का? तो इथे आहे का? आणि अजूनही, मंडळी..."

अजूनही काय, डोंबल! टॅबरमध्ये रोझ नावाची एकच बाई होऊन गेली. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, वाईट वाजवायची, आणि फ्लोरिडाला जाऊन चांगली म्हातारी होऊन मेली. काचेच्या कपाटात टांगलेला तो लग्नाचा झगा हायस्कूलच्या नाटकाचा आहे. काखेतला रफू माझा.

शिवाय रोझ आधी ठोठावायची नाही. मालकांनी गोष्ट पहिल्यांदा रचली तेव्हा ती नुसती खिडकीत उभी राहून रडायची. ठोठावणं नंतर आलं. ते कसं आलं हे सांगायचं तर मला तिसऱ्या मजल्यावर जावं लागेल, आणि तो थांबा मालकांच्या फिरतीत नाही.

थांबा (फिरतीत नसलेला) : खोली चौदा

खोली चौदामध्ये ओथो प्रुइट राहायचा.

नव्वदीला टेकलेला माणूस. बायको गेल्यावर त्याने घर विकलं आणि इथे येऊन राहिला. आधीच्या मालकिणीने त्याला शब्द दिला होता : तू मरेपर्यंत ही खोली तुझी. शब्दच तो, हॉटेल विकताना तो खरेदीखतात कोण घालतं?

रोज सकाळी ओथो खाली यायचा, बारच्या टोकाच्या स्टुलावर बसायचा आणि विचारायचा,

"काल कुणी मेलं का?"

"तू सोडून सगळे जिवंत आहेत."

"मग अंडी दोन टाक, पोरी. मेलेल्याला भूक फार."

तरुणपणी ओथो हाकाऱ्या होता. हे काम आता जगात उरलेलं नाही. गाडी जोडली की यार्डातून हाकाऱ्या निघायचा, हॉटेलात यायचा, ज्यांची पाळी त्यांची दारं ठोठावायचा, नाव घ्यायचा, गाडी सांगायचा. पण एवढ्याने त्याचं काम संपत नसे. झोपेत माणूस हो म्हणतो आणि कूस बदलतो. म्हणून हाकाऱ्याने ओरडायचं, "पाय खाली!" आणि आतल्याने दोन्ही पाय फरशीवर आपटून दाखवायचे. तो आवाज कानांवर आल्याशिवाय हाकाऱ्याने दारावरून हलायचं नाही. गाडी माणसाविना अडकली, तर झोपलेल्याची नोकरी राहायची, हाकाऱ्याची जायची. माझे वडील आयुष्यभर सांगायचे, आईने हाक मारली तर मी पुन्हा झोपू शकतो, ओथोने मारली तर नाही.

म्हातारपणी ओथोचं डोकं ठीक होतं. फक्त दुपारची मालगाडी भोंगा द्यायची तेव्हा थोडा वेळ घसरायचं. भोंगा वाजला की तो मोज्यांवर खोलीबाहेर यायचा आणि तिसऱ्या मजल्याची दारं ठोठावत जायचा. तेव्हा तो मजला रिकामाच असायचा. मी खालच्या मजल्यावरून झाडूचा दांडा छताला आपटायचे आणि ओरडायचे, "उठलो रे बाबा! पाय खाली!" मग मोज्यांची घसट ऐकू यायची, खोली चौदाचं दार लागायचं. पाच मिनिटांनी तो खाली यायचा आणि काहीच घडलं नसल्यासारखा कॉफी मागायचा.

एवढंच. यात शेंडा नाही, बुडखा नाही, नवरी तर नाहीच नाही.

मालक आले आणि महिन्याभरात त्यांची नजर खोली चौदावर गेली. यार्डाकडे तोंड करून असलेली तीच एक कोपऱ्याची खोली. तिथे त्यांना रोझची शयनगृह-सजावट करायची होती. ते ओथोच्या शेजारच्या स्टुलावर बसले. टोपी मांडीवर.

"मिस्टर प्रुइट, वारशाच्या दृष्टीने तुमची खोली फार महत्त्वाची आहे."

"माझ्याही दृष्टीने. माझा पलंग आहे तिथे."

"दूर कॅस्परजवळ एक छान वृद्धाश्रम आहे. बाग आहे, कारंजं आहे."

"गाडी दिसते?"

"गाडी... नाही. पण शांतता फार आहे."

"शांततेत मी काय करू?"

मालक हसले. झाकणं विकणारा माणूस हसतो तसे. "महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे तुम्हाला. घाई नाही."

ते गेल्यावर मी म्हटलं, "माझ्याकडे चल. मागची खोली रिकामी आहे. रूळ दारातच आहेत."

"तुझ्या बापाला मी उठवायचो. त्याच्या पोरीकडे फुकट झोपू?" त्याने अंड्याला पाव लावला. "आणि बाईमाणसाच्या घरात मोजे वाळत घालायला मला जमणार नाही."

"मोज्यांसाठी कॅस्परला जाशील?"

"आधी महिना तर संपू दे. मी मध्येच मरू शकतो. मालकांचं नशीब असेल तर."

थांबा तिसरा : दुसऱ्या मजल्यावरचा बोळ, जिथे विज्ञान येतं

इथे मालक एक चौकटीतला फोटो दाखवतात. त्यात काळ्या टी-शर्टातली माणसं काळ्या यंत्रांसह उभी आहेत. मधला डस्टिन क्रेल. "देशातले आघाडीचे अतींद्रिय संशोधक," मालक म्हणतात.

डस्टिन क्रेल आला तो रविवारची दुपार होती. त्याची माणसं तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत जाऊन बसली. त्याच्याकडे एक यंत्र होतं, थंडी मोजायचं. वायोमिंगमध्ये फेब्रुवारीत थंडी मोजायला यंत्र लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिथल्या बोळाच्या टोकाला त्याला "थंड जागा" सापडली. तिथल्या खिडकीची काच मी स्वतः पुठ्ठ्याने झाकली होती.

मग त्याने सगळ्यांना, मलासुद्धा, नियम सांगितला. बोटावर बोट आपटत.

"काहीही झालं तरी उत्तर द्यायचं नाही. हाक आली, ठोठावलं, नाव घेतलं, तरी गप्प. भुताला एकदा उत्तर दिलं की ते तुमच्या मागोमाग तुमच्या घरी येतं."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग ते जात नाही, मॅडम."

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "ऐकलंस ना? इमारतीत टाचणी पडता कामा नये."

मालगाडीने भोंगा दिला. मी झाडू उचलला. मालक जिन्यात उभे होते, त्यांनी डोळे वटारले. मी झाडू खाली ठेवला. का ठेवला? ओथो दोन दारं ठोठावेल, कुणीतरी दार उघडेल, मोज्यांतला म्हातारा दिसेल, सगळे हसतील, डस्टिन क्रेल यंत्रं गाडीत भरेल आणि नवरी एकदाची संपेल, असं मला वाटलं. माणसांविषयी मी फार चांगला समज करून घेतला होता.

एकानेही दार उघडलं नाही. दारं जाड ओकची, आणि आतली माणसं त्याहून जाड. ओथोने पहिलं दार ठोठावलं. थांबला. काहीतरी बोलला. पुन्हा ठोठावलं. आतल्यांनी श्वास कोंडले. उत्तर येईना म्हणून ओथो नेमाप्रमाणे तिथेच थांबला आणि जोरात ठोठावू लागला. मग पुढचं दार. मग परत पहिलं. मालगाडी शेवटच्या डब्यापर्यंत निघून गेली तेव्हा कुठे तो थकून खोलीत गेला.

डस्टिन क्रेल खाली आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. थंड जागेतून आलेला घाम. "मी खूप घरं पाहिली," तो म्हणाला, "पण इतकी आर्त..." आणि त्याला पुढे बोलवेना. मी त्याला व्हिस्की ओतली. त्याने तीही यंत्राजवळ धरून पाहिली.

"आवाज पुरुषाचा वाटला," त्याच्या माणसांपैकी एक म्हणाला.

मालकांनी तेही लगेच पचवलं. "रडून रडून तिचा आवाज बसलेला असणार."

पाहुण्यांचे अभिप्राय, जसेच्या तसे

"आम्ही रोझबरोबर रडलो."

"माझ्या नवऱ्याला छातीत गार वाटलं. तो एरवी काहीच मानत नाही. बँकेत आहे."

"दार ठोठावल्यावर मी देवाचं नाव घेतलं, मनातल्या मनात. अप्रतिम अनुभव. अंडी जरा जास्त शिजलेली."

अंडी जास्त शिजलेली नव्हती.

थांबा चौथा : पुन्हा बार. माणूस मेला की राहू शकतो

त्यानंतरच्या आठवड्यात मालक स्वतः फोन घेऊन तिसऱ्या मजल्याच्या बोळात दबा धरून बसले, नवरीचं चित्रीकरण करायला. भोंगा झाला. थोड्या वेळाने ते खाली आले आणि स्टुलावर बसले. टोपी वर बोळातच राहिली होती.

"मार्वा. तुला माहीत होतं?"

"काय?"

"ती... रोझ..."

"तिला दाढी आहे, हे? हो."

ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, आता हा माणूस लाजेल. पण त्यांच्या डोळ्यांत हिशेब सुरू झालेला दिसला. पुढच्या सगळ्या रविवारच्या खोल्या भरलेल्या होत्या. म्हाताऱ्याला कॅस्परला पाठवलं, तर नवरीही त्याच गाडीने जाणार.

ओथो खाली आला, कॉफीसाठी. मालक उठून उभे राहिले. आजवर ते त्याच्यासाठी कधी उठले नव्हते.

"मिस्टर प्रुइट, मी विचार केला. तुम्ही राहा. हवं तितके दिवस."

"म्हणजे माझी खोली माझी?"

"तुमचीच. एकच विनंती. तुम्ही कुणाला दिसू नये. जेवण वर येईल. मागचा जिना वापरा. या स्टुलावर मात्र आता..."

ओथोने कॉफीत साखर घातली आणि सावकाश ढवळली. "म्हणजे मी मेलो तर राहतो, आणि जिवंत असलो तर जातो?"

"असं कसं म्हणता? फक्त दिसायचं नाही."

"माझी बायको हेच सांगायची. तिचं ऐकलं असतं तर आज सराव असता."

मालक जोरात हसले. मग माझ्याकडे वळले. "आणि मार्वा, तो झाडूचा दांडा. तो बंद. पाहुण्यांच्या चित्रीकरणात ठकठक येते."

"ठकठक दोन्ही बाजूंनी असली तर गोष्ट बिघडते, नाही का?"

"तुला नोकरी हवीय ना?"

ओथो म्हणाला, "ऐक गं त्यांचं. अंडी गरम येऊ देत म्हणजे झालं." त्याला खोली हवी होती. खिडकीतून यार्ड हवं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्याला गंमतही वाटली. "नवरी!" जिना चढताना तो पुटपुटत होता. "बायको असती तर हसून मेली असती."

थांबा पाचवा : स्टूल

मालकांनी टोकाच्या स्टुलाला मखमली दोरी बांधली आणि पितळी पाटी लावली : रोझच्या नवऱ्याने शेवटचा पेला इथे घेतला. पाहुणे दोरीपलीकडून त्या स्टुलाचे फोटो काढायचे. एका बाईने त्याला हात लावला आणि हात झटकून म्हणाली, "अजून ऊब आहे!" उन्हात होतं ते स्टूल.

वर ओथो आक्रसत चालला होता. मी ताट न्यायचे, तो अर्धं खायचा. बोलायला कुणी नाही. कुणी मेलं का, हे विचारायचंही त्याने सोडलं. पण त्याला खरं खाल्लं ते वेगळ्याच गोष्टीने.

एक दिवस ताट घेऊन गेले तर तो दारात उभा, बूट हातात.

"पोरी, कुणी उठत नाही."

"कोण उठत नाही?"

"आत माणसं आहेत. श्वास ऐकू येतो. मी ठोठावतो, गाडी सांगतो, कुणी हूं म्हणत नाही. पाय खाली टाकत नाहीत. गाडी उभी आहे, मार्वा."

"गाडी गेली, ओथो."

"मग माणसांवाचून कशी गेली?"

पूर्वी दिवसातून एकदा घसरायचा, माझ्या दांड्याने सावरायचा. आता त्याचं काम कधी पुरंच होत नव्हतं. प्रत्येक गाडीला तो बाहेर येऊ लागला. मालक खूश. "रोझ आता दिवसातून कितीदा तरी!" ते पाहुण्यांना सांगायचे. खाणावळीत बेत वाढवून सांगावा तसं.

मार्चमध्ये, भर दुपारी, मी कचरा टाकायला मागे गेले तेव्हा बर्फात पावलं दिसली. मोज्यांची. ती यार्डाकडे गेली होती. ओथो रुळांच्या कडेला उभा होता, बनियनवर कोट, डोक्याला टोपी, ओठ निळे. तो यार्डाच्या साहेबाला शोधत होता. त्याला सांगायचं होतं की माणसं उठत नाहीत, पण मी ठोठावलं होतं, मी चुकलो नाही. यार्डाचा साहेब मरून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. यार्डात तेव्हा फक्त एक कावळा होता.

त्याला हाताला धरून आणलं. मालक मागच्या दारात भेटले. त्यांनी ओथोकडे पाहिलं, बर्फातल्या पावलांकडे पाहिलं.

"समोरच्या खिडकीतून कुणी पाहिलं का?" त्यांनी विचारलं. "नाही, पाहिलं असेल तर चांगलंच. बर्फात चालणारी नवरी..."

हा माणूस तलावांवर झाकणं घालायचा ते बरं होतं. निदान तलावात कुणी बुडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओथोचं डोकं स्वच्छ होतं. ताट ठेवून मी त्याच्या पलंगावर बसले आणि सरळ सांगितलं.

"रविवारी तो डस्टिन पुन्हा येतोय. टीव्हीवाले घेऊन. तू ठोठावलंस की मी उत्तर देणार आहे. मोठ्याने. सगळ्यांसमोर. पण मग ही खोली राहणार नाही, ओथो. मालक तुला त्याच दिवशी काढतील. म्हणून विचारते. नको म्हणालास तर गप्प राहीन."

तो खिडकीबाहेर बघत होता. यार्डात डबे जोडत होते.

"काल मी खरंच बर्फात गेलो होतो?"

"मोज्यांवर."

"हां." तो म्हणाला, "तुझा बाप कधीकधी पलंगावर पडल्या पडल्या नुसते हात आपटायचा फरशीवर. मला फसवायला. मी ओळखायचो. हाताचा आवाज वेगळा." मग माझ्याकडे वळून, "खोलीचं काय घेऊन बसलीस? उत्तर देशील तर पायांनी दे."

थांबा सहावा : खोली बारा

हा थांबा मालक आता फिरतीत घेतात, पण खोटा सांगतात. खरा असा.

रविवारी प्रत्येक खोलीत माणसं होती. पलंगांवर पसरलेली, दिवे मालवून, पडदे ओढून, भर दुपारी अंधार करून. दारांवर पाट्या : उत्तर देऊ नये. मी चहाचा ट्रे घेऊन खोली बारामध्ये गेले आणि बाहेर आलेच नाही. डस्टिन क्रेल तिथेच होता. कॅमेरावाला होता. मालक भिंतीला टेकून होते, त्यांनी मला जा म्हणून खुणावलं. मला अंधारात काही दिसलं नाही.

भोंगा झाला.

बोळात मोज्यांची घसट आली. दार वाजलं. मग तो आवाज, जो रडून बसला होता म्हणे :

"बारा नंबर. पश्चिमेची मालगाडी. पाय खाली!"

डस्टिनने डोळे मिटून घेतले. कॅमेरावाल्याने श्वास कोंडला. दार पुन्हा वाजलं.

मी ट्रे खाली ठेवला, बारमध्ये घालायचे माझे जाड बूट फरशीवर आपटले, एक, दुसरा, आणि ओरडले,

"उठले! पाय खाली!"

खोलीत कुणीतरी किंचाळलं. बहुतेक डस्टिन.

बाहेरून :

"दोन्ही?"

"दोन्ही!"

"डबा घे. वारा आहे."

आणि घसट पुढच्या दाराकडे गेली. मी दार उघडून धावले. अकरामध्ये घुसले, पलंगावरची जोडी चादरीत शिरली, मी पाय आपटले. दहा. नऊ. प्रत्येक खोलीत मी ओथोच्या आधी पोचायचे आणि कधी ब्रेकमन, कधी फायरमन होऊन पाय आपटायचे. माझ्या वयात आणि माझ्या वजनात. खाली बारमधल्या बाटल्या वाजत होत्या. पाहुण्यांपैकी एकानेही पाय खाली टाकला नाही. एक जण म्हणाला, "हे तिकिटात धरलेलं आहे का?"

शेवटच्या दाराशी ओथो थांबला. त्याने टोपी काढून केस सारखे केले.

"सगळे उठले," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही.

मग तो खोली चौदात गेला, बूट घालून आला आणि पुढच्या जिन्याने खाली उतरला. कित्येक आठवड्यांनंतर पहिल्यांदा. टोकाच्या स्टुलाची मखमली दोरी त्याने सोडली, घडी घालून बारवर ठेवली आणि बसला.

"काल कुणी मेलं का, पोरी?"

"तू सोडून—" मी म्हणाले, आणि मला दम लागला होता म्हणून पुढे बोलता आलं नाही.

पाहुणे जिन्यात गोळा झाले. बँकवाल्याची बायको, दुसऱ्यांदा आलेली, बोट रोखून म्हणाली, "हा माणूस जिवंत आहे!" फसवणूक उघडी पडावी त्या सुरात. मग सगळ्यांनी मालकांना घेरलं. ओथोने अंडी खाल्ली. मालकांनी मला आणि त्याला एका वाक्यात काढलं. वाक्य आखूड होतं, टोपीवाल्या माणसाच्या मानाने चांगलं.

फिरतीनंतर

नवरी संपली असेल असं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. माणसांविषयी चांगला समज, दुसऱ्यांदा.

डस्टिन क्रेलने टीव्हीवर सांगितलं की टॅबर हाऊसमधल्या शक्तीने दोघा स्थानिकांचा ताबा घेतला. खोल्या आधीपेक्षा जास्त भरतात. ठोठावण्यासाठी मालकांनी बोळात एक यंत्र बसवलंय. खोली चौदामध्ये ओथोचा तरुणपणचा फोटो लावलाय आणि खाली लिहिलंय की हाकाऱ्या याच खोलीत वारला. ओथो पोस्टात दिसला की पाहुणे रस्ता ओलांडतात. मीही आहे म्हणे फिरतीत. रोझची मत्सरी मोलकरीण, पाय आपटत फिरते.

मी आता महामार्गावरच्या ट्रकवाल्यांच्या खाणावळीत असते, सकाळपाळी. दुपारी घरी. माझ्या मागच्या खोलीच्या खिडकीत मोजे वाळत असतात, पुरुषाचे, भोकं पडलेले. पहिल्या दिवशी ते त्याने उशीखाली लपवले होते.

मालगाडी भोंगा देते तेव्हा मी कुठेही असते. स्वयंपाकात, कपडे धुताना, काल तर अंघोळीच्या टबात. जिथे असते त्या दारावर ठकठक होते.

"झुपान! पश्चिमेची मालगाडी. पाय खाली!"

मी शिव्या घालत उठते आणि ओले पाय फरशीवर आपटते.

"दोन्ही?"

"दोन्ही, म्हाताऱ्या, दोन्ही!"

डस्टिन क्रेल आयुष्यात एकदाच खरं बोलला. उत्तर दिलं की ते तुमच्या घरी येतं, आणि मग जात नाही.